‘उगाच कशाला त्रास द्यायचा?’

प्रश्न: ताई, मला आठवा आठवडा चालू आहे. परदेशात येऊन दीड वर्ष झालं. इथे नाव नोंदवलं तर पहिली भेट थेट दहाव्या आठवड्यात मिळाली, तीही डॉक्टरांची नाही, मिडवाइफची. सोनोग्राफी त्याच्याही नंतर. आई रोज फोनवर म्हणते, ‘अगं, अजून कोणी हातसुद्धा लावला नाही?’ नवरा म्हणतो, इथली पद्धतच अशी आहे. मला रात्री झोप लागत नाही. मी शाकाहारी आहे. नेमकी काय काळजी घेऊ?

उत्तर: तुमची आई आणि तुमचा नवरा, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. दहाव्या आठवड्यातली पहिली भेट म्हणजे उशीर नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्ये गरोदरपणातल्या तपासण्या 4 वरून किमान 8 केल्या आणि पहिली 12 आठवड्यांच्या आत व्हावी असं सांगितलं. तुम्ही त्यात सहज बसता. मिडवाइफ म्हणजे शिकाऊ परिचारिका नव्हे. बऱ्याच देशांत सुरळीत चाललेलं गरोदरपण तीच पाहते, काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडे पाठवते. बाळंतपणाची तारीखही अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत चांगली नक्की होते. त्यामुळे ती उशिरा ठेवली म्हणून तुमचं काही हुकलेलं नाही.

पण ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: काही बिनसलं तर तुम्ही स्वतःहून सांगाल. आणि आपलं घोडं नेमकं तिथेच अडतं. ‘उगाच कशाला त्रास द्यायचा, पुढच्या वेळी विचारू’ हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. भेट दोन आठवड्यांवर असली तरी रक्तस्राव, ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर येऊन पडणं, खांद्याच्या टोकाशी विचित्र कळ, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात जायचं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर वाट पाहणं जिवावर बेततं. मधुमेह, थायरॉइड, फिट्स किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर आजच फोन करा. औषध मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

फोलिक ॲसिड चालू केलं नसेल तर आज करा. रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान बारावा आठवडा पूर्ण होईपर्यंत. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणून ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून घेतलेली उत्तम. तुम्ही घेतली नसेल तरी स्वतःला दोष देत बसू नका. मधुमेह असलेल्या किंवा फिट्सच्या काही गोळ्या घेणाऱ्या बाईला याहून बराच मोठा डोस लागतो, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायचा.

तुम्ही शाकाहारी आहात हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण भेटीत तुम्हाला कोणी विचारेलच असं नाही. वनस्पतींतून बी12 जीवनसत्त्व जवळजवळ मिळतच नाही. दुधातून थोडं मिळतं, पण गरोदरपणात ते नेहमी पुरतं असं नाही. आणि इथे एक मेख आहे: फोलिक ॲसिडमुळे बी12च्या कमतरतेची रक्तातली खूण झाकली जाऊ शकते, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. म्हणून ‘माझं बी12 तपासा’ असं स्पष्ट म्हणा. हिमोग्लोबिन 11च्या खाली गेलं तर रक्त कमी आहे असं धरतात. लोहाची गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर बरीच फुकट जाते, लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळी होईल, घाबरू नका. बद्धकोष्ठ फारच झालं तर गोळी सोडून न देता डोस बदलून मागा. सावळी त्वचा आणि कमी ऊन हे जोडीला आलं की ड जीवनसत्त्वही खाली जातं; रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, पुरतं. दोन-तीन कंपन्यांच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या एकदम घेऊ नका, त्यात अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळाला घातक ठरतं. कोणी प्रेमानं घरून पाठवलेली पुडी किंवा भस्मही नको, त्यात शिशासारखा धातू असू शकतो. घ्यायचाच मोह झाला तर आधी डबी मिडवाइफला दाखवा.

आता ज्या गोष्टीवर मी सर्वांत जास्त अडून बसते ती: गरोदरपणातला मधुमेह. आपल्या दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांना त्याचा धोका जास्त, आणि तो अंगानं बारीक असलेल्या बाईलाही होतो. वजन-उंचीच्या आकड्याची, म्हणजे बीएमआयची, ‘ठीक’ची वरची मर्यादा आपल्यासाठी 25 नव्हे, 23 धरावी असं बरेच तज्ज्ञ मानतात. साखरेचं पाणी पाजून होणारी तपासणी बहुतेक ठिकाणी 24 ते 28 आठवड्यांत असते. घरात मधुमेह असेल तर ती आधी करता येईल का, हे विचारा. पहिल्याच भेटीत थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही विचारून घ्या. त्या दोषाचे तुम्ही वाहक निघालात, म्हणजे तुम्हाला आजार नसला तरी दोष अंगात असला, तर नवऱ्याची तपासणी लगेच व्हायला हवी, कारण दोघंही वाहक असतील तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तुम्ही दोघं एकमेकांच्या नात्यातले असाल तर तेही न लाजता सांगा. त्यावरून कोणी नावं ठेवत नाही, तपासण्या मात्र त्यानुसार बदलतात.

भाषेचा प्रश्न असेल तर दुभाषी मागा. मोठ्या रुग्णालयांत बहुधा मिळतो. नवऱ्यानं सगळं भाषांतर करू नये, कारण काही गोष्टी बाई त्याच्यासमोर बोलत नाही. मिडवाइफ एखाद्या भेटीत त्याला बाहेर बसायला सांगेल आणि ‘घरी सुरक्षित वाटतं का?’ असं विचारेल. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, त्याचा राग मानू नका. रडू येणं, झोप न लागणं हेही त्याच वेळी सांगून टाका. उपचारांत तेही येतं आणि गरोदरपणात चालतील अशी औषधंही आहेत.

बाकीचं थोडक्यात. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं किंवा तत्सम व्यायाम करा. कॉफी दिवसाला एखाद-दुसरा कप, म्हणजे 200 मिलिग्रॅम कॅफिनच्या आत. दारू आणि सिगारेट शून्य. कच्चं, न तापवलेलं दूध नको. फ्लू आणि डांग्या खोकल्याची लस देतील तेव्हा घ्या, बाळाला पहिले काही महिने त्यानंच संरक्षण मिळतं. विमानप्रवास असेल तर 28 आठवड्यांनंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, तिकीट काढायच्या आधी नियम वाचा.

विसाव्या आठवड्यानंतर मात्र काही गोष्टी फ्रिजवर लिहून लावा. गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज: हे रक्तदाब वाढल्याचं लक्षण असू शकतं. तळहात-तळपाय रात्री खाजून हैराण होत असतील आणि अंगावर पुरळ नसेल, तर यकृताची तपासणी लागते. आणि बाळाची हालचाल. ती बहुधा 18 ते 20 आठवड्यांत कळू लागते, पुढे तिची एक चाल ठरते. ती चाल मंदावली तर गोड काहीतरी खाऊन, कुशीवर पडून, सकाळपर्यंत थांबू नका. रात्री दोनला फोन केला तरी चालतो. फोन उचलणारी बाई त्यासाठीच जागी असते. तीन वेळा काही निघालं नाही म्हणून चौथ्यांदा लाजू नका.

आईचं काय? पुढच्या फोनवर तिची समजूत काढत बसण्याऐवजी तिलाच प्रश्न विचारा. तुमच्या वेळी तिचा रक्तदाब वाढला होता का, साखर होती का, बाळं किती वजनाची झाली, कोणाला किती दिवस आधी कळा आल्या, घरात कोणाला रक्ताचा आजार आहे का. तिचा रक्तदाब त्या वेळी वाढला असेल तर तुम्हालाही धोका थोडा जास्त, आणि दुसरं काही कारण जोडीला असेल तर बाराव्या आठवड्यापासून कमी डोसची ॲस्पिरिन देतात. हे सगळं एका कागदावर लिहून दहाव्या आठवड्याला बरोबर न्या.