आजोबांची दुनळी पॉलिश करून घेऊ का?

प्रश्न : सर नमस्कार. आमच्या आजोबांची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर कंपनीची. निफाडच्या मळ्यावर असायची, आता रीतसर लायसन माझ्या नावावर झालंय. नळ्यांचा काळा रंग बराच उडालाय आणि दस्त्यावर ओरखडे आहेत. ओळखीतले एक जण म्हणतात बफ मारून नवं ब्लूइंग (नळ्यांवरचा काळा-निळा रंग) करू, दस्त्याला मेलामाइन पॉलिश देऊ, विकायची झाली तर भाव जास्त येईल. करू का?
— एक वाचक, दिंडोरी रोड, नाशिक

उत्तर : नका करू. निदान अशा पद्धतीने तर अजिबात नको.

आपल्याकडे भांड्याला कल्हई लावली की भांडं नवं होतं, त्यामुळे जुनी वस्तू चकचकीत केली की भाव वाढतो असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण भांडं वापरायचं असतं, आणि जुन्या ग्रीनरचे पैसे मिळतात ते तिच्या मूळपणाचे. अंजनेरीच्या नाणी संग्रहालयात कधी गेलात तर विचारून बघा, जुनं नाणं चिंचेने घासून आणलं तर जाणकाराचा चेहरा कसा पडतो ते. बंदुकीचंही तसंच, साठ टक्के मूळ फिनिश उरलेली बंदूक पूर्ण नव्याने रंगवलेलीपेक्षा संग्राहकाला जास्त प्यारी असते.

बफचं चाक धातू खातं. माझ्या हातात एकदा अशी 'नवी केलेली' दुनळी आली होती, कडेच्या पट्टीवर कोरलेल्या बदकाची पिसं पुसून नुसता फुगवटा राहिला होता, स्क्रूच्या खाचा गोल झालेल्या, आणि दस्ता इतका घासलेला की जिथे लाकूड आणि लोखंड एका पातळीत हवं तिथे लोखंडाची कड बोटाला लागत होती. खूप वाईट वाटलं, कारण हे परत आणता येत नाही.

दुसरं, दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी शिसं-कथिलाच्या मऊ डाकाने जोडलेल्या असतात. कारखान्यात बंदुका उकळत्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवून जे ब्लूइंग करतात ते हा डाक खातं आणि पट्टी सुटू शकते. जुन्या दुनळीला सावकाश गंज चढवून, उकळून, पुसून, परत चढवून करायची पद्धतच चालते, तिला दिवस लागतात. आणि तुमच्या नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर त्या दमास्कस आहेत, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेल्या, मग ते टाकीतलं ब्लूइंग मुळीच नाही आणि जाणकाराने तपासल्याशिवाय आजची काडतुसंही नाहीत.

आता कायद्याचं. नळ्या उघडून खालची बाजू बघा, तिथे नंबर आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (बंदुकीची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) ठसे असतील. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीवरचं नाव, नंबर, ओळखखूण पुसणं हा गुन्हा आहे, तो नंबर तुमच्या लायसनवर पण आहे, बफने गेला तर तुम्हीच अडकाल. शिवाय दुरुस्तीचं लायसन नसलेल्या माणसाकडे बंदूक द्यायचीच नाही, मग तो कितीही ओळखीचा असो.

सगळंच वाईट असं नाही हां. इंग्लंडमध्ये नळ्यांना योग्य पद्धतीने परत काळा रंग चढवणं ही नेहमीची देखभाल मानतात, अमेरिकन संग्राहक मात्र फार कडक. बंदूक आधीच कोणी रंगवून ठेवली असेल किंवा गंज खोलवर जात असेल तर चांगल्या कारागिराकडून करून घेण्यात तोटा नाही, आणि आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची साधी बारा बोअर असती तर मी एवढा अडून बसलोच नसतो.

तुम्ही एवढंच करा. बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, नळ्यांना गन ऑइलचा पातळ हात द्या. दस्ता अक्रोडाचा असणार, त्याला जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहाताने चोळा. मुठीची नक्षी आजोबांच्या हाताने झिजली असेल ती तशीच राहू द्या, मेलामाइन त्या बारीक चौकटीत भरून बसतं आणि परत निघत नाही. आणि चामड्याच्या कव्हरमध्ये कायमची ठेवू नका, पावसाळ्यात ते ओल धरतं, नळ्यांवर गंजाचे डाग असतील तर ते बहुतेक तिथूनच आलेत.