तिच्या हातातला हंडा आधी घे

पोरी,

अनेक आशीर्वाद. परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. 'सिस्टर, गर्भपिशवी काढून आलेल्या बाईला बोलायचं तरी काय?' असं तू विचारलंस. तुझ्या वस्तीवरची ती २९ वर्षांची बाई, ऑपरेशनला ११ दिवस झालेले, तू गेलीस की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तू आशा सेविका होऊन महिनाच झाला आणि पहिल्याच महिन्यात हे तुझ्या वाट्याला आलं. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आधी माझी चूक सांगते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. उपकेंद्रात एक बाई टाक्यांचं ड्रेसिंग करायला आली, माझ्याच वयाची. मी पट्टी लावता लावता म्हणाले, 'बरं झालं, सुटलीस बाई. महिन्याची कटकट गेली.' ती हसली, पदर सावरून निघून गेली आणि पुढच्या ड्रेसिंगला आलीच नाही. नंतर तिच्या जावेनं सांगितलं, त्या दिवशी घरी जाऊन ती खूप रडली. सासू 'सुटलीस' म्हणाली होती, नवरा म्हणाला होता, शेजारीण म्हणाली होती. सिस्टर तरी काही वेगळं विचारतील, असं तिला वाटलं होतं. मला तिची जखम दिसत होती, तिला विचारायचं मात्र सुचलं नाही.

म्हणून 'सुटलीस' म्हणू नकोस. 'आता काय उपयोग रडून' हेही नको. आणि 'तुला फसवलं गं डॉक्टरनं' हे तर अजिबात नको. तिनं व्याजानं पैसे काढून, अंगठा देऊन, स्वतःच्या पायानं चालत जाऊन ते ऑपरेशन करून घेतलंय. तिला तू फसलीस म्हणालीस, तर दुखण्यावर तिला शरमही वागवावी लागेल.

तिनं ते का केलं हे तुला माहीत आहे, तू त्याच वस्तीत वाढलीस. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली. एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. उसाच्या फडात आडोसा नाही, पाणी नाही, राहायच्या कोपीत न्हाणी नाही. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेली, की कुणीतरी म्हणतं पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल. दोन लेकरांची आई कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर आणखी काय विचारणार? २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा पेपरात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि मला ड्रेसिंगला न आलेली ती बाई आठवली.

तर आता उद्याचं सांगते. गेल्या गेल्या बोलायला लागू नकोस. आधी बघ, घरात पाणी कोण भरतंय. ती पडून असते म्हणालीस, पण तू नसताना उठून हातपंपावर जात असेल. माझ्या अनुभवात निम्म्या जणी जातातच. हंडा दिसला तर तूच भरून आण. मग सासूला बाहेर घेऊन समजव, तिला 'काकू' म्हणून, मानानं. वरचे टाके वाळले म्हणजे आतलं भरलं असं नाही. निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही, पोटावर ऑपरेशन असेल तर आठही लागतात. म्हणजे हंडा नाही, सरपणाची मोळी नाही, लेकराला कडेवर घेणं नाही, खुरपणीलाही जायचं नाही. आत्ता आषाढ आहे, रोजंदारीला बोलवायला माणसं दारात येतील, 'बसून तर करायचंय' म्हणतील. खुरपणीत दिवसभर उकिडवं बसून ओटीपोटावर किती ताण येतो, हे सासूला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तिलाच विचार. मात्र रोज थोडं चालू दे, नुसतं पडून राहणंही वाईट. उठताना कुशीवर वळून, हात टेकून उठायचं. खोकला आला तर पोटावर उशी धरायची. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी आणि भाजी जरा जास्त.

ताप आला, अंगावरून लाल रक्त भरपूर गेलं, घाण वास येऊ लागला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा लघवी नकळत गळू लागली, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. थोडा तपकिरी डाग काही दिवस दिसतो, त्याला भिऊ नये, हेही सांग.

मग तिचं डिस्चार्ज कार्ड माग. ते थैलीत, ट्रंकेत, पत्र्याखाली कुठंतरी असेल. तिच्यासमोर उघड आणि तिला वाचून दाखव, कारण आजवर कुणी दाखवलेलं नसणार. 'टीएएच' लिहिलं असेल तर पोट उघडून पिशवी काढली. पुढं 'बीएसओ' असेल तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयंही काढली. पोरी, ही शेवटची अक्षरं फार महत्त्वाची. अंडाशयं शिल्लक असतील तर पाळी बंद झाली तरी अंगातली रसायनं बनत राहतात. ती काढली असतील तर पन्नाशीच्या आसपास हळूहळू येणारा बदल २९ व्या वर्षी एका रात्रीत येतो. अंगातून एकदम वाफ निघते, घाम फुटतो, झोप उडते, छाती धडधडते, कशावरही रडू येतं. बाईला वाटतं आपल्याला वेड लागलं, घरच्यांना वाटतं हिच्या अंगात आलं. तिला सांग की हे तुझ्या शरीरात घडतंय, त्याला कारण आहे आणि त्यावर उपाय आहेत. एवढ्या तरुण वयात अंडाशयं गेली तर हाडं लवकर झिजतात, म्हणून हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का, कॅल्शियम किती, हे स्त्रीरोग डॉक्टरांना विचारायलाच हवं. गोळ्या तू सुचवू नकोस. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी करून तिला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि शक्य असेल तर सोबत जा. काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवालही मागून घ्या. कॅन्सर नव्हता, हे कागदावर पाहिलं की पुष्कळ जणींच्या छातीवरचा दगड उतरतो. कुणाच्या मनात तेव्हाच राग येतो. येऊ दे.

मनाचं सांगते. एका नवरात्रात गावच्या देवीला ओटी भरायला गेले होते. माझ्या पुढं एक बाई होती, पिशवी काढून वर्ष झालेलं. नारळ, खण, तांदूळ तिच्या पदरात पडले, सगळ्या जणी पुढं सरकल्या, ही तिथंच उभी. ओटीचा पदर धरलेला, खालून दुसरा हात ओटीपोटावर दाबलेला. मी खांद्याला हात लावला तर हळूच म्हणाली, 'सिस्टर, ओटीत घ्यायला आता आहे काय माझ्याकडं?' तिला मूल नको होतं. तीन लेकरं होती. तरी तिला ते वाटलं. मी त्या वेळी उत्तर दिलं नाही. देवळाच्या पायरीवर तिच्याजवळ बसले आणि ती अर्धा तास बोलली. बाळंतपणं, मेलेलं एक लेकरू, फडावर आलेली पाळी, सगळं बोलली. पाळीचा इतका वैताग केलेला असूनही ती गेल्यावर चुकल्यासारखं वाटतं, म्हणाली. दोन्ही एकाच बाईला वाटू शकतं. कुणाला नुसतंच हलकं वाटतं, काहीच दुःख होत नाही. तिच्यावर दुःख लादू नकोस.

नवऱ्याशी बोलायला लाजू नकोस. तुला जमणार नसेल तर आरोग्यसेवकाला घेऊन जा. 'आता ती बाई राहिली नाही' असलं बोलणं कट्ट्यावर चालतं आणि ते तिच्या कानावर येतं. सहा आठवडे आणि डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत जवळ जायचं नाही, पुढं संसार पहिल्यासारखा होऊ शकतो, एवढं त्याला स्पष्ट सांग. तिला कोरडेपणाचा त्रास होत असेल तर त्यालाही औषध आहे, हे तिला एकटीला सांग.

दोन आठवडे उलटूनही ती जेवत नसेल, लेकरांकडे बघत नसेल, किंवा कधीही 'मी नसते तर बरं' असं काही बोलली, तर ते तुझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही. १४४१६ हा टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. तुझ्या फोनवरून लावून दे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळव आणि तिला रात्री एकटी झोपू देऊ नका.

आणि जिचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तिच्यापाशी आधी पोच. आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं विनाकारण ऑपरेशनं रोखायच्या सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. हे बाईला माहीत नसतं. पांढरं जाणं बहुतेक वेळा गोळ्यांनी बरं होतं, जास्त रक्तस्रावावरही आधी औषधं असतात. पण मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, खरोखरचा कॅन्सर, अशा वेळी ऑपरेशन गरजेचं असू शकतं, कधी जीवही वाचवतं. तेव्हा तिला अडवू नकोस, सोबत जा. अंडाशयं ठेवणार की काढणार, हे टेबलावर जाण्याआधी डॉक्टरांना विचारायला तिला शिकव.

उद्या बुधवार, तुमच्या बाजाराचा दिवस. घरातली माणसं दुपारी बाहेर असतील, तेव्हा जा. ती भिंतीकडे तोंड करून असेल तर तू पाठीमागे बसून राहा, निवडायला एखादी भाजी घेऊन जा हवं तर. तिनं कार्ड दाखवलं आणि तिची हरकत नसेल, तर फोटो काढून मला पाठव. चष्मा लावून बसलेली असेन.

तुझी,
सिस्टर