क्लिप आवळून आवळून पीळ गेला, तरी होज निसटतोच

प्रश्न : मी आणि माझा भाऊ घरीच बग्गी बनवतोय. मारुती ८०० चं इंजिन मागे बसवलंय आणि रेडिएटर पुढे, त्यामुळे गाडीखालून ३२ मिमीचे दोन लोखंडी पाईप नेलेत आणि दोन्ही टोकांना रबरी होज लावून क्लिपा मारल्यात. इंजिन नीट तापलं की पुढचा होज हळूहळू सरकतो आणि फटकन निघतो, तीनदा झालं. एक मेकॅनिक म्हणतो डबल क्लिप मारा, दुसरा म्हणतो तार गुंडाळा, तिसरा शेलॅक (सांध्याला लावायचा लाखेचा चिकट लेप) लाव म्हणतो. कोणाचं ऐकू? आणि उरलेला होज पेट्रोलच्या लाईनला चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तिघांचंही नका ऐकू. पत्रात तुम्ही क्लिपबद्दल भरभरून लिहिलंय पण पाईपाच्या टोकाबद्दल एक शब्द नाही, त्यावरून माझा अंदाज असा की टोक ग्राइंडरने सरळ कापलेलं, गुळगुळीत आहे. घोळ तिथेच आहे. कुठल्याही कंपनीच्या गाडीचा होज काढून बघा, आतल्या धातूच्या नळीला टोकाजवळ चारी बाजूंनी एक उठाव असतो, त्याला बीड म्हणतात. क्लिपचं काम पाणी गळू न देणं, होजला अडवून धरतो तो बीड.

आता हिशोब बघा. रेडिएटरच्या टोपीवर ०.९ लिहिलेलं असेल तर सिस्टीममध्ये साधारण तेवढे बार प्रेशर होईपर्यंत ती उघडत नाही. ३२ मिमीच्या पाईपाचं तोंड म्हणजे ८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे होजला बाहेर ढकलणारा जोर सात किलोच्या वर गेला, आणि त्यात रबर तापून मऊ, आत ओलं, वर इंजिनचे हादरे. गुळगुळीत पाईपावर काय टिकणार?

माझ्या पहिल्या गाडीचा होज आंबा घाटात असाच गेला होता, मी पण डबल क्लिपवाला होतो तेव्हा. बॉनेटमधून वाफ, खाली हिरव्या कूलंटचं तळं, आणि दोन्ही क्लिपा होजवर जशाच्या तशा घट्ट! होज क्लिपांसकट निघून आला होता.

तर बीड करून घ्या. एसी-फ्रिजवाल्यांचं फ्लेअरिंगचं, म्हणजे नळीचं तोंड पसरवायचं किट बारीक नळ्यांना ठीक, ३२ मिमीला ते पुरणार नाही. तुमच्या इथून कोल्हापूरचं उद्यमनगर कितीसं लांब आहे, तिथे लेथवाल्याकडून उठाव असलेले तुकडे टर्न करून घ्या आणि पाईपाला वेल्ड करा, नाहीतर त्याहून स्वस्तात, अडीच-तीन मिमीच्या तारेची रिंग टोकापासून थोडी आत बसवून पितळेने ब्रेझ करा, म्हणजे पितळ वितळवून जोडा, आणि कानशीने गोल करा. धार राहिली तर होज आतून कापेल. पाईपावर वेल्डची उभी शिवण वर आलेली असेल तर तीही घासून सपाट करा, नाहीतर तिच्या बाजूने थेंब थेंब येत राहतो आणि माणूस क्लिपला शिव्या घालत बसतो.

बसवताना होज बीडच्या पुढे २५-३० मिमी तरी जाऊ द्या आणि क्लिप बीड ओलांडल्यावर, होजच्या कडेपासून चार-पाच मिमी आत. बीडच्या डोक्यावर क्लिप मारू नका, ती घसरते. होज चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, कूलंटचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि ते तेलाने फुगतं. शेलॅकही नको, तो सुकेपर्यंत वंगणासारखाच वागतो. आवळताना रबर क्लिपच्या खाचांतून वर यायला लागलं की समजा जास्त झालं. इंजिन एकदोनदा तापवून पूर्ण थंड होऊ द्या, मग परत थोडी आवळा, कारण रबर दबून बसतं. कंपनी स्प्रिंगची क्लिप देते ती यासाठीच, रबर बसेल तशी ती मागोमाग आवळत जाते, आणि आपले लोक ती काढून फेकतात.

तारेचं म्हणाल तर विहिरीवरच्या पंपाला ट्यूबची पट्टी आणि तार चालून जाते, इथे नको. आणि लांब पाईप चॅसिसला रबर लावलेल्या पट्टीने पकडा, इंजिन माउंटिंगवर हलतं, ती हालचाल होजच्या वळणात जिरली पाहिजे, सरळ ताणलेला होज ओढून निघणारच.

पेट्रोलला हा होज अजिबात नको. ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतं, त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळे इथेनॉलला चालणारा असं छापलेला फ्युएल होजच घ्या. इंजिन इंजेक्शनचं असेल तर लाईनमध्ये तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, तिथे कडा वळवलेल्या, बिनखाचांच्या छोट्या क्लिपा मिळतात त्या वापरा, बीड तिथेही हवाच.

ब्रेकचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, ऑइलच्या डब्यातून मास्टर सिलेंडरकडे (ब्रेकच्या पेडलने दाब तयार होतो तो भाग) येणाऱ्या होजला क्लिप चालते, मास्टरच्या पुढे कुठेही नाही. तिथे जोरात ब्रेक मारला की शंभर बारसुद्धा होतं, कंपनीत क्रिम्प केलेला, म्हणजे टोकांना धातूची फिटिंग मशीनने दाबून बसवलेला तयार ब्रेक होजच लावायचा.