टोमॅटो फुलतो पण धरत नाही : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेक सगळी किनारपट्टीवरची, ठाणे-डोंबिवलीपासून खाली गोव्यापर्यंत. सूर सगळ्यांचा एकच, की नारायणगाव-नाशिककडच्या नातेवाईकांकडे टोमॅटो नुसता लगडतो आणि आमच्या कुंडीत पाला तेवढा येतो. म्हणून हा महिना टोमॅटो आणि मिरचीलाच देते.

ताई, आम्ही डोंबिवलीला चौथ्या मजल्यावर राहतो, पूर्वेची बाल्कनी, सकाळी बारापर्यंत कडक ऊन. फेब्रुवारीत नर्सरीतून टोमॅटोची चार रोपं आणली. एप्रिलपर्यंत कमरेएवढी झाली, फुलं पण खूप आली, पण फळ एकही नाही. फूल देठापासून पिवळं पडतं आणि हात लावला की गळतं. दर आठवड्याला शेणखत घालतेय, अजून काय घालू?

आधी ते शेणखत थांबवा. तुमची मेहनत कुठेच कमी नाहीये, फक्त महिना चुकलाय. टोमॅटोचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेचा पश्चिम भाग, पेरूकडचा, कोरडी हवा आणि गार रात्री. हे झाड आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आलं, इथे रुळलं, पण रात्रीच्या गारव्याची सवय काही त्याने सोडली नाही. फळ धरायला रात्री साधारण १५ ते २० अंश लागतात. रात्र २४ च्या वर राहिली आणि दिवसा ३२-३५ झालं की परागकण नीट तयारच होत नाहीत, आणि हे नुकसान फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी कळीत असतानाच होऊन बसतं, म्हणजे फूल दिसतं छान पिवळंधमक पण आतून रिकामं. एप्रिल-मे मधे आपल्याकडे रात्रसुद्धा २५ च्या खाली उतरायला तयार नसते, तुम्हाला झोप लागत नाही तसंच झाडाचं होतं. त्यात हवा इतकी दमट की जे थोडे चांगले परागकण असतात तेही चिकट होतात, पिठासारखे झडत नाहीत. आणि वरून शेणखताचा मारा, म्हणजे झाडाला नत्र मिळत राहतं आणि ते पाल्यालाच जोर लावतं.

तर आता या झाडांवर जीव आटवू नका. बी टाकायची आपली वेळ म्हणजे गणपती गेले की. सप्टेंबरच्या मध्याला बी टाकलं की चार आठवड्यांत रोप तयार होतं, पाऊस ओसरलेला असतो, दसरा ते कोजागिरीच्या सुमारास कुंडीत लावायचं, ऑक्टोबर हीटमधे पंधरा दिवस दुपारची जुनी ओढणी किंवा हिरवी नेट वर बांधायची. नोव्हेंबरच्या शेवटी फुलं येतात तेव्हा रात्री गार व्हायला लागलेल्या असतात आणि संक्रांतीला भोगीच्या भाजीत घरचा टोमॅटो पडतो. दुसरी खेप दिवाळीच्या आसपास टाका, ती फेब्रुवारी-मार्चला येईल. त्यानंतर मात्र बी टाकू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

आणि अजून एक, फार महत्त्वाचं. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नाही, पण पराग सुटायला फूल थरथरावं लागतं. शेतात ते काम वारा करतो आणि तो मोठा काळा भुंगा करतो, तो फुलाला धरून असा काही घूंऽऽ करतो की पराग खाली सांडतात. मधमाशीला ते जमत नाही. चौथ्या मजल्यावर ग्रिलच्या आत भुंगा किती वेळा येणार? म्हणून सकाळी दहा ते बाराच्या मधे, हवा जरा कोरडी झाली की फुलांच्या घोसामागे बोटाने हलकी टिचकी मारायची, किंवा बॅटरीचा टूथब्रश देठाला दोन सेकंद लावायचा. रोज. एवढ्याने खूप फरक पडतो हो, मी दर हिवाळ्यात करते.

रत्नागिरीहून लिहितोय. परसात ग्रो बॅगमधे जुलैत टोमॅटो लावले. काल संध्याकाळी झाड ताजंतवानं होतं, आज दुपारी मान टाकली, पानं हिरवीच आहेत, पिवळी पण नाहीत पडली. पाणी घातलं तर अजूनच गेलं. तीन दिवसांत सहा झाडं गेली. मातीत काही आहे का?

हो काका, मातीतच आहे. ही मर आहे, जिवाणूची. पानं पिवळी न पडता हिरवं झाड बसतं ही तिची खूण. खात्री करायची तर खोड जमिनीलगत कापा, चार बोटांचा तुकडा घ्या, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन त्यात कापलेलं टोक बुडवून स्थिर धरा. दोन-चार मिनिटांत दुधासारखी पांढरी रेघ खाली उतरायला लागली की समजा तीच. आपली तांबडी, आंबट माती, गरमी आणि पावसाचं पाणी, याहून सोयीचं घर त्या जिवाणूला दुसरीकडे कुठे मिळणार.

यावर औषध नाही, उगीच दुकानदार जे देईल ते ओतू नका. झाड मातीसकट उचला, कंपोस्टमधे अजिबात टाकू नका. ती माती पुढे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यातल्या कशालाच वापरायची नाही कारण सगळी एकाच कुळातली आणि सगळ्यांना ही मर लागते. हळद, आलं पण नको त्यात, त्यांनाही जिवाणूची मर लागते. मका, चवळी, पालेभाजी चालेल. खुरपं, कात्री गरम पाण्याने धुवा, आणि एका बॅगेतून निथळलेलं पाणी दुसऱ्या बॅगेत जाता कामा नये, परसात बॅगा उतारावर ओळीने ठेवल्या की नेमकं तेच होतं, वरच्या बॅगेचं पाणी खालच्यांना. बॅगा विटांवर ठेवा.

नवीन माती एप्रिल-मे मधे तापवून घ्या. ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पसरायची, कडा दाबून टाकायच्या, आणि चार ते सहा आठवडे उन्हात तशीच ठेवायची. जिवाणू पूर्ण जातो असं नाही पण जोर मोडतो. आणि बी निवडताना मर सहन करणारं घ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का रक्षक आणि अर्का सम्राट हे दोन संकरित वाण आहेत, ते मर, पानं आकसण्याचा विषाणू आणि लवकर येणारा करपा तिन्हींना बऱ्यापैकी तोंड देतात. केरळ कृषी विद्यापीठाचे शक्ती, मुक्ती, अनघा हे वाण तर आपल्यासारख्याच हवेतले. तरीपण काका, जुलैत टोमॅटो लावायचा हट्ट सोडा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक त्या चार महिन्यांत. तेव्हा पडवळ, दोडकी, भेंडी लावा, परस भरून जाईल.

टोमॅटो लिंबाएवढा झाला की बुडाला काळा डाग पडतो, चामड्यासारखा. अंड्याची टरफलं घातली, चुन्याचं पाणी घातलं. कुंडीत अर्ध्याहून जास्त कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे. कीड दिसत नाही. (वसई)

कीड नाहीच ती. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाहीये, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं पण पाणी एकसारखं नसतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. एक दिवस कुंडी खडखडीत, दुसऱ्या दिवशी तळं, असं झालं की टोक उपाशी राहतं. हवा फार दमट असली तरी पानातून पाणी कमी उडतं, मग वर ओढही कमी. टरफलं विरघळायला महिनोन् महिने लागतात, या हंगामात त्यांचा उपयोग शून्य, घालायला हरकत नाही पण भरवसा ठेवू नका.

रोज एकाच वेळी सकाळी पाणी द्या, वर सुक्या पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणाचं दोन इंच आच्छादन घाला. आणि तुम्ही लिहिलंय की कुंडीत अर्ध्याहून जास्त कोकोपीट आहे, ते धुवून घेतलं होतं का? न धुतलेल्या कोकोपीटमधे मीठ आणि पोटॅश जास्त असतं आणि ते उलट कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतं. दोन-तीन पाण्यातून धुवा, आणि कोकोपीट एक तृतीयांशच्या वर नको. डाग पडलेली फळं तोडून टाका, काळा भाग कापून बाकी चटणीला चालतं.

मिरचीची पानं आकसतात, वाटीसारखी होतात. शेजारीण म्हणते दिश्ट लागली. कडुलिंबाचं तेल मारते पण फरक नाही. (फोंडा, गोवा)

आधी पान नीट बघूया, कारण चुरडा-मुरडा म्हणतात तो एकच रोग नाही, तिघं-चौघं मिळून ते करतात. कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं झालंय? मग फुलकिडे. फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक टाचणीच्या टोकाएवढे पळताना दिसतील. कडा खाली वळल्यात, पान लांबट झालंय आणि देठ लांबलाय? मग कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड (माइट), डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. आणि शेंडा नुसता झुपका झालाय, पानं बारीक, सुरकुतलेली, झाड वाढतच नाही, तर तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. ते झाड बरं होत नाही, मन घट्ट करून उपटा, नाहीतर बाकीची पण जातील.

फुलकिड्यांना कडुलिंबाचं तेल चालतं, पण लिटरला ५ मिली, भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून चांगलं ढवळून, आणि पानाच्या खालून मारायचं. सगळे वरून मारतात आणि कीड खाली बसलेली असते. संध्याकाळी मारा, आठवड्याने परत, असं तीनदा. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, पण तेल मारल्यावर दोन आठवडे गंधक नाही आणि कडक उन्हातही नाही, पानं भाजतात. कोळी गेला की नवीन फूट सरळ येते, तीच तुमची परीक्षा. आणि घरात कोणी तंबाखू मळत असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय मिरची-टोमॅटोला हात लावायचा नाही, तंबाखूतून एक वेगळाच विषाणू झाडात जातो, हे खरंच होतं.

तुम्ही गोव्याच्या आहात म्हणून सांगावंसं वाटतं, तुमच्या काणकोणची खोला मिरची, जिला २०१९ मधे भौगोलिक मानांकन मिळालं, ती ऐन पावसावर येते. पण कुठे? डोंगराच्या उतारावर, जिथे पाणी थांबतच नाही. मिरचीला पाऊस नाही मारत, साचलेलं पाणी मारतं. कुंडीत पावसाळी मिरची करायची असेल तर तो उतार तुम्हाला कुंडीत तयार करावा लागेल, म्हणजे माती हलकी, भोकं मोठी, कुंडी विटांवर, आणि खाली ताटली नाही. ताटलीत डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

रंगाच्या २० लिटरच्या बादल्या घरी पडून आहेत, चालतील का? माती कशी भरू? (ठाणे)

अहो झकास चालतील. टोमॅटोला एका झाडाला १५-२० लिटर हवंच, आठ इंची कुंडीत लावलेला टोमॅटो दुपारी दोनदा माना टाकतो. मिरचीला १० लिटर पुरतं. बादली आतून खरवडून धुवा, बुडाला आठ-दहा भोकं आणि कडेला दोन इंचावर अजून चार, म्हणजे बूड चोंदलं तरी पाणी निघेल. पांढरी बादली असेल तर उत्तम, काळी ग्रो बॅग उन्हात इतकी तापते की कडेची मुळं शिजतात, तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा.

माझं मिश्रण, दोन भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, त्यात दोन मुठी भाताचं तूस आणि मूठभर निंबोळी पेंड. माती कोकणची तांबडी असेल तर शेतीचा चुना दोन चमचे, लावायच्या पंधरा दिवस आधी. टोमॅटोचं रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरा, खोडाला मुळं फुटतात. मिरची तशी पुरायची नाही.

सिमला मिरची बाल्कनीत होईल का? (मीरा रोड)

डिसेंबर-जानेवारीत दोन-चार मिळतील, त्याही लहान. तिला टोमॅटोपेक्षाही जास्त गारवा लागतो. तीच जागा ज्वाला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कोकण कीर्ती या तिखट मिरचीच्या वाणांना द्या, रोजच्या फोडणीला विकत आणावी लागणार नाही.

आम्ही सिंगापूरला असतो, इथे हिवाळाच नाही. मग टोमॅटो विसरूनच जाऊ?

मोठा टोमॅटो विसरा, चेरी टोमॅटो लावा. त्याची फळं उष्ण रात्रीतही बऱ्यापैकी धरतात. पावसाच्या आडोशाला ठेवा, टिचकी रोज मारा, आणि फळाला नुसती गुलाबी-पिवळी झाक आली की तोडून घरात पिकवा, कारण ३० अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, झाडावर वाट बघत बसलात तर नारिंगीच राहतं. मिरची मात्र तुम्हाला बारा महिने.

लवंगी मिरचीचं झाड दोन वर्षांचं आहे, आता मिरच्या कमी येतात. उपटून नवीन लावू का? सासूबाईंनी लावलेलं आहे, उपटायला जीव होत नाही. (पनवेल)

उपटू नका. मिरची तीन-चार वर्षं सहज जगते, आपणच तिला एका हंगामाची समजतो. मे संपता संपता, पहिला पाऊस यायच्या आधी, दोन-तीन जाड फांद्या ठेवून गुडघ्याखाली छाटा, कापलेल्या जागी हळद दाबा. वरची तीन इंच माती काढून ताजं गांडूळखत भरा, आणि झाड छपराखाली पण उजेडात ठेवा. पंधरा दिवसांत फूट येईल, पहिली फुलं खुडून टाका म्हणजे झाड भरेल. आणि आत्ताच त्याची दोन चांगली, पूर्ण लाल झालेली मिरची बियांसाठी सावलीत वाळवून ठेवा, कागदात गुंडाळून, वर तारीख आणि सासूबाईंचं नाव लिहून.