थप्पीच्या आत काय आहे?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

साखर कारखान्याच्या ऑडिटचं तुझं रिस्क असेसमेंट, म्हणजे हिशेबातला कुठला आकडा चुकीचा असण्याचा धोका किती याचा कागद, काल रात्री वाचला. टाइप छान केलाय, पण आहे गेल्या वर्षीचाच. फक्त साल बदललंय, आणि चौथ्या पानावर तेही राहून गेलंय. रागावलो नाही. आर्टिकलशिपमध्ये, सीएच्या उमेदवारीत, मीही हेच केलं. तेव्हा कार्बन पेपर होता, एवढाच फरक.

थांबलो ते 'साखरसाठा : रिस्क लो' इथे. कारण काय, तर स्टॉक रजिस्टर रोजच्या रोज भरलं जातं. पण रजिस्टर भरणारा आणि गोदामाची किल्ली बाळगणारा एकच माणूस आहे का, याची नोंद कुठेच नाही. शिवाय साखर तारण ठेवून कारखाना बँकेची उचल घेतो. साठा जितका मोठा दिसेल, तितकी उचल जास्त. आकडा फुगला तर कोणाचं काम भागतं, हे आधी विचारायचं, मग लो की हाय ते लिहायचं. प्रवासखर्चाच्या व्हाउचरांना तू तीन दिवस दिलेस. ती सगळी खोटी निघाली तरी या ताळेबंदाला ओरखडा उठणार नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका गोदामात आम्ही थप्प्या मोजल्या. लांबीत किती पोती, रुंदीत किती, उंचीत किती. गुणाकार केला आणि रजिस्टरशी पोत्याला पोतं जुळलं. निघणार तेवढ्यात माझे सर म्हणाले, ''वर चढ.'' चढलो, तर मधोमध विहीर! चारी बाजूंना पोती आणि आत अंधार. त्या रात्री जेवण गेलं नाही.

बँक शिल्लकही तू लो धरलीस. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं, की रोख आणि बँक शिलकेतले 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. म्हणून खात्यात शिल्लक किती हे बँकेला विचारणारं कन्फर्मेशनचं पत्र आपण पाठवायचं आणि उत्तर बँकेकडून थेट आपल्या ऑफिसात आलं पाहिजे. अकाउंटंटने आणून दिलेलं बंद पाकीट मला चालणार नाही.

एसए 315, म्हणजे धोका ओळखण्याबद्दलचं ऑडिटचं मानक, तुझं पाठ असेल. त्यात धंदा समजून घ्या म्हटलंय ते स्टोअरकीपरबरोबर चहा पिऊनही होतं. यंदा संचालक मंडळाची निवडणूक आहे, हे तुझ्या कागदात कुठेच नाही. निवडणुकीच्या वर्षी ऊसदर चढा जाहीर करायचं दडपण असतं, आणि तो परवडतो हे दाखवायला शिल्लक साखरेचं मूल्यांकन ओढूनताणून वर नेता येतं. ही ओळ घाल.

कागद पुन्हा लिही, जुनी फाइल न उघडता. सोमवारी सकाळी आठला गोदामावर भेटू. टेप आणि टॉर्च घे, चपला नकोत.

तुझा,
सर