कॉलेजातली कमाई आणि तासाचा हिशेब

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाबरोबर संध्याकाळचे एखादे काम धरावे असे तुझ्या मनात आहे आणि खोलीवरच्या मित्राने लग्नाच्या केटरिंगचे काम सुचवले आहे, असे तू लिहितोस. काम करण्याला माझा विरोध नाही; बाहेरगावाहून पुण्यात येऊन शिकलेल्या पुष्कळांनी असेच दिवस काढले आहेत. मात्र काम निवडताना दिवसाची मजुरी पाहू नकोस, तासामागे हाती काय उरते ते पाहा.

केटरिंगचेच उदाहरण घेऊ. समज, एका संध्याकाळचे ७०० रुपये मिळतात. त्यासाठी दुपारी चारला मंगल कार्यालयावर हजर व्हायचे, पाण्याचे जार लावण्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत उभ्याने वावरायचे आणि ताटे-वाट्या मोजून झाल्यावर रात्री साडेबाराला सुटायचे, म्हणजे साडेआठ तास झाले. एवढ्या रात्री बस मिळण्याची खात्री नसते, त्यामुळे रिक्षाचे १५० रुपये जातात. जाण्यायेण्याचा तास धरला तर तासाला साठ रुपयेही पडत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे कॉस्टिंगचे लेक्चर बुडते ते वेगळेच. याउलट तू राहतोस त्याच गल्लीतली सातवी-आठवीची चार मुले जमवून प्रत्येकी महिना ६०० रुपयांत आठवड्याचे पाच दिवस तासभर गणित शिकवलेस, तर २,४०० रुपये होतात आणि तासाला शंभराच्या वर पडतात. शिकवणी जमायला वेळ लागतो, पालक पैसे पुढे-मागे करतात, हे खरे. तरीही परीक्षेच्या आठवड्यात वेळ पुढे-मागे करून घेता येते, ही सोय केटरिंगवाला देणार नाही. डिलिव्हरीच्या कामातही पेट्रोल, गाडीची झीज आणि ऑर्डरची वाट पाहण्यात गेलेला वेळ वजा केल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

त्याआधी आपल्या कॉलेजातच चौकशी कर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची जी वाट रुळवली, तिचाच वारसा सांगणारी ‘कमवा व शिका’ योजना पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात पुस्तके लावणे, कार्यालयात नोंदी करणे, बागेची निगा राखणे अशी कामे असतात. मानधन फार नसते. पण प्रवासाचा वेळ शून्य आणि लेक्चर सांभाळूनच काम, हा लाभ मोठा आहे. विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते विचार आणि वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज दे, कारण जागा मोजक्या असतात.

आणखी एक काम आहे, ज्याला कोणी काम म्हणत नाही: महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, आधारशी जोडलेले बँक खाते, या सगळ्यासाठी सेतू केंद्रात घालवलेले दोन दिवस हे तुझ्या वर्षातले सर्वाधिक मोबदल्याचे दिवस ठरू शकतात. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. अन्य प्रवर्गांच्याही योजना आहेत. तुला कोणती लागू होते ते शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकालाच विचार, मित्रांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. हे पैसे बहुधा उशिरा येतात, म्हणून ते येतील या भरवशावर मेसचे बिल थकवू नये.

नोकरी देण्यापूर्वी नोंदणी शुल्क, अनामत किंवा मूळ गुणपत्रिका मागणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस. व्हिडिओ लाइक करा आणि पैसे मिळवा, असे टेलिग्रामवरचे निमंत्रण आले तर तिथेच थांब; सुरुवातीला दोनशे-तीनशे रुपये देऊन पुढे हजारो उकळायचे, अशीच ही रीत आहे. पैसे खात्यात येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. आपले बँक खाते कमिशनवर दुसऱ्याला वापरायला देणे याहून वाईट. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरला तर पोलीस आधी तुझ्या दारात येतात. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन कर.

मिळालेल्या पैशांचे म्हणशील तर फार शास्त्र नाही. घरून आलेले पैसे आणि कमाई वेगवेगळ्या खात्यांत ठेव. घरच्या पैशांतून भाडे आणि मेस एक तारखेलाच चुकते कर आणि कमाईतला एक महिन्याच्या मेसइतका भाग बाजूला साठू दे, म्हणजे पालकांनी शिकवणीचे पैसे लांबवले तरी उसनवारी करावी लागणार नाही. झटपट कर्जाच्या ॲपपासून दूर राहा. तिथला थकलेला हप्ता पुढे शैक्षणिक कर्जाच्या वेळी आडवा येतो. कुणी तुझ्या मोबदल्यातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता करायचा आयकर, कापला आणि तुझे उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला मी सांगायला नको.

आता तुझ्या तासिकांचे वेळापत्रक आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मला कळव. मुदत संपली असेल तर दिवाळीला गावी जाशील तेव्हा सणाच्या सुट्ट्या लागण्याआधीचे दोन दिवस तहसीलसाठी धर; ऐन दिवाळीत ते कार्यालय बंद असते.

तुझा हितचिंतक