फुकटचं व्हीपीएन घरच्या कंप्युटरवर: कुणाचं घ्यावं आणि बसवल्यावर काय तपासावं

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: घरचा विंडोज कंप्युटर आहे, त्यावर मुलंही बसतात. आपण कुठल्या साइट उघडतो हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळू नये, एवढ्यासाठी तुम्हाला व्हीपीएन (सगळी इंटरनेट वाहतूक एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करून आधी दुसऱ्याच सर्व्हरकडे नेणारी सोय) हवंय आणि ते फुकट हवंय. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकून पाहिलंत, पण बाकीचे प्रोग्रॅम तुमच्या खऱ्याच आयपी पत्त्यावरून (ज्या आकड्याने तुमची जोडणी इंटरनेटवर ओळखली जाते तो) चालताहेत.

ते तसंच होणार. ब्राउझरमधली बहुतेक ‘व्हीपीएन’ म्हणजे प्रत्यक्षात प्रॉक्सी, म्हणजे नुसते मध्यस्थ, असतात. त्या ब्राउझरच्या टॅबमधली ये-जा वळवतात. मेलचा प्रोग्रॅम, गेम, विंडोजचे अपडेट यांचा त्यांच्याशी काही संबंध येत नाही. सगळा कंप्युटर झाकायचा तर विंडोजवर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो, जो स्वतःचा एक नेटवर्क अडॅप्टर (कंप्युटरचा इंटरनेटकडे जायचा दरवाजा) तयार करतो आणि सगळी वाहतूक त्यातून नेतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲड व्हीपीएन’ दिसतं, त्यावरून विंडोजच व्हीपीएन देतं असा अनेकांचा समज होतो. तो नुसता फॉर्म आहे. पलीकडचा सर्व्हर तुमच्याकडे हवा. आणि तिथे कुणी पीपीटीपी (व्हीपीएन जोडण्याची एक जुनी पद्धत) निवडायला सांगितलं तर ऐकू नका. त्यातली पासवर्ड तपासण्याची पद्धत २०१२ पासून उघडपणे फोडता येते.

आता मुख्य गोष्ट. आजच्या बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणीवर, असल्यामुळे पानावर काय लिहिलंय, तुम्ही काय टाइप केलंत, हे इंटरनेट कंपनीला तसंही दिसत नाही. तिला साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला हे दिसतं. व्हीपीएन लावल्यावर तिला फक्त एका सर्व्हरशी चाललेलं गुप्त बोलणं दिसेल. पण जे आधी तिला दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसेल. म्हणजे घराची चावी एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवायची आहे. हा दुसरा कोण, हे ठरवणं म्हणजे निम्मं काम झालं.

सर्व्हर आणि बँडविड्थ यांना पैसे लागतात, तेव्हा तुमच्याकडून घेत नसतील तर ते कुठून येतात हे विचारा. होला नावाच्या फुकट सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झालं की ती वापरणाऱ्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्या नावाने गिऱ्हाइकांना विकत होती. परका माणूस तुमच्या पत्त्यावरून काय करतोय ते तुम्हाला कळायची सोय नव्हती. ओनावो हे फुकट व्हीपीएन फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलं आणि लोक कुठली ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून गोळा केली. ॲपलने २०१८ मध्ये ते आपल्या स्टोअरमधून काढायला लावलं, आणि याच प्रकरणी ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने २०२३ मध्ये मेटाच्या (फेसबुक कंपनीचं आताचं नाव) दोन कंपन्यांना २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१६ मध्ये संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली, तर त्यातल्या १८ टक्क्यांत वाहतूक एन्क्रिप्टच होत नव्हती. ती फोनची ॲप होती, पण कंप्युटरवरही अनोळखी फुकट व्हीपीएन बसवताना हा आकडा मी लक्षात ठेवतो.

म्हणून माझा नियम साधा आहे: ज्यांची पैसे देणारी गिऱ्हाइकं आहेत आणि फुकटचा प्लॅन ही त्याच दुकानाची पहिली पायरी आहे, त्यांचंच घ्यावं. मी पहिलं नाव प्रोटॉनचं सांगेन. स्वित्झर्लंडची कंपनी आहे, ॲपचा सोर्स कोड खुला आहे, फुकट प्लॅनला डेटाची मर्यादा नाही. एका वेळी एकच उपकरण जोडता येतं आणि देश तुम्हाला निवडता येत नाही, ॲपच निवडून देतं. तुमच्या हेतूला याने काही अडत नाही. विंडस्क्राइबही चांगलं आहे. ईमेलची खात्री करून दिली की महिन्याला १० जीबी मिळतात, पण घरात व्हिडिओ पाहिले जात असतील तर ते आठवड्याभरात संपतील. क्लाउडफ्लेअरचं वॉर्प सगळ्यात सोपं आणि वेगवान आहे. मात्र ते तुम्ही साधारण कुठल्या भागातून येता हे साइटपासून लपवायला बनवलेलं नाही. फक्त इंटरनेट कंपनीच्या नजरेआड व्हायचं असेल तर तेही पुरतं. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठाचं व्हीपीएन गेटही फुकट आहे, पण तिथले सर्व्हर स्वयंसेवकांचे असतात आणि नोंदी ठेवल्या जातात. रोजच्या वापराला मी ते सांगणार नाही. या प्लॅनच्या अटी बदलत राहतात, तेव्हा बसवण्याच्या दिवशी एकदा पाहून घ्या.

बसवणं अवघड नाही. आधी आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडून तुमचा आत्ताचा पत्ता कागदावर लिहून ठेवा. प्रोग्रॅम कंपनीच्याच साइटवरून उतरवा. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका, हुबेहूब दिसणाऱ्या नकली साइट तिथेच भेटतात. इन्स्टॉल सुरू करताना विंडोज परवानगी मागतं, त्या चौकटीत ‘व्हेरिफाइड पब्लिशर’पुढे कंपनीचं नाव दिसायला हवं. ‘अननोन’ लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा. प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) विचारला तर वायरगार्ड निवडा. त्याचा कोड मुळात काही हजार ओळींचाच आहे, त्यामुळे तो तपासता येतो, आणि जुन्या मशीनवरही तो हलका चालतो. मग सेटिंगमध्ये ‘किल स्विच’ चालू करा. जोडणी मध्येच तुटली तर तो इंटरनेटच अडवून धरतो. नाहीतर व्हीपीएन तुटल्याचं तुम्हाला कळायच्या आत सगळी वाहतूक उघड्यावर गेलेली असते.

हिरवी खूण दिसली की बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबायचो. पूर्वी मी ओपनव्हीपीएन (व्हीपीएनचा एक प्रोग्रॅम) हाताने बसवलं होतं. पत्ता बदललेला दिसत होता, मी निश्चिंत. काही महिन्यांनी सहज डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) लीक टेस्टची साइट उघडली, तर यादीत माझ्याच इंटरनेट कंपनीचे सर्व्हर. म्हणजे पानं व्हीपीएनच्या बोगद्यातून येत होती, पण प्रत्येक साइटचं नाव आधी त्यांनाच विचारलं जात होतं. जे लपवायचं होतं तेच त्यांच्या हातात. कारण विंडोजचंच निघालं. वेग वाढावा म्हणून ते नावाची चौकशी एकाच वेळी सगळ्या अडॅप्टरवरून करतं. ओपनव्हीपीएनच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘ब्लॉक-आउटसाइड-डीएनएस’ ही एक ओळ घातल्यावर ते थांबलं. चांगले प्रोग्रॅम आता हे आपणहून करतात, तरी तपासाच. जोडणी चालू ठेवून डीएनएस लीक टेस्टच्या साइटवर ‘एक्स्टेंडेड’ टेस्ट करा आणि यादीत तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव कुठेच नाही ना ते पाहा. त्याच बैठकीत आयपीव्ही६ चा (नव्या, लांब प्रकारचा आयपी) पत्ता आणि वेबआरटीसीतून (ब्राउझरमधली व्हिडिओ कॉलची सोय) दिसणारा पत्ता हेही पाहून घ्या. दोन्हीकडे मघाशी कागदावर लिहिलेला पत्ता किंवा तुमच्या कंपनीचा आयपीव्ही६ पत्ता दिसता कामा नये.

मुलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे सांगायलाच हवं. राउटरवर नको त्या साइट अडवणारा फॅमिली डीएनएस लावला असेल, तर व्हीपीएन चालू होताच त्या कंप्युटरपुरता तो निकामी होतो, कारण राउटरला आत काय चाललंय ते दिसतच नाही. तेव्हा मुलांना ॲडमिन नसलेलं वेगळं खातं द्या आणि त्यांच्यासाठीचं फिल्टर त्या खात्यावरच, विंडोजच्या फॅमिली सेटिंगमधून लावा. व्हीपीएन आपोआप जोडलं जाण्याची सोयही फक्त तुमच्या खात्यात ठेवा.

बँकेचं काम करताना व्हीपीएन बंद केलं तरी चालेल. अचानक दुसऱ्या देशातून लॉगिन दिसलं की बँकेची यंत्रणा खातं अडवू शकते, आणि बँकेची साइट तशीही एन्क्रिप्टेड असते. गूगलमध्ये लॉगिन करून शोधलंत तर गूगलला तुम्ही कोण ते कळणारच, तिथे व्हीपीएनचा उपयोग नाही.

कधी काढून टाकावंसं वाटलं तर आधी डिस्कनेक्ट करा, किल स्विच बंद करा, मग अनइन्स्टॉल करा. मी एकदा जोडणी चालू असतानाच एक प्रोग्रॅम काढला आणि दोन तास इंटरनेट नाही. वायफायची खूण ठीक, राउटरचे दिवे ठीक, फोनवर सगळं सुरळीत. शेवटी वायफाय अडॅप्टरच्या आयपीव्ही४ प्रॉपर्टीज उघडल्या, तर डीएनएसच्या चौकटीत १० ने सुरू होणारा एक पत्ता तसाच बसलेला होता. तो बोगद्याच्या आतला पत्ता, बोगदा गेल्यावर तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ‘ऑटोमॅटिकली’वर खूण केली आणि क्षणात पानं उघडायला लागली. एवढ्याने भागलं नाही तर विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ आहे, पण त्याआधी वायफायचा पासवर्ड हाताशी ठेवा.

आधी ते एक्स्टेन्शन काढून टाका, म्हणजे टेस्टमध्ये गोंधळ होणार नाही. मग प्रोटॉन बसवून तिन्ही टेस्ट करा. डीएनएसच्या यादीत तुमची कंपनी अजून दिसली, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवून कुठकुठले अडॅप्टर दिसतात ते इथे लिहा. आयपी पत्ते मात्र खोडून टाका. ती यादी पाहिली की पुढचं सांगतो.